तिसरा उमेदवार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीला जे आले असतील, त्यांना मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवरची नारळ, दूर्वा आणि प्रसादाची दुकाने आठवत असतील. त्यांतलेच एक आमचे. चार बांबू, वर ताडपत्री, समोर फळी, एवढेच दुकान. चतुर्थीला मी अण्णांच्या हाताखाली असते, एरवी कॉलेजात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अण्णा सातवीपर्यंत शिकले. आईला सही करता येते. वार्षिक अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे सरांनी सांगितले तेव्हा मैत्रिणींनी भराभर नावे घेतली. मी चिंतामणराव देशमुखांचे नाव सांगितले. वर्गात दोन-तीन जणींनी विचारले, हे कोण? हे नाव मी का निवडले ते आधी सांगते, कारण त्यात आमच्या घरातली एक गोष्ट गुंतलेली आहे.

मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत अण्णा आमच्या वॉर्डातून उभे राहिले. आमचे गाव राजूरजवळच आहे. नाव लिहीत नाही, कारण आम्हाला तिथेच राहायचे आहे. गावात दोन पॅनेल. अण्णा कोणत्याच पॅनेलमध्ये नव्हते. आमच्या वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागणारी पाणंद पावसाळ्यात गुडघाभर चिखलाने भरते. त्या चिखलात अकरावी-बारावीला माझी कितीदा तरी एसटी चुकली. या पाणंदीवर मुरूम पडावा, एवढाच अण्णांचा जाहीरनामा. चिन्ह शिट्टी. मते पडली २९. निवडून आलेला आणि पडलेला यांच्यात फरक होता ११ मतांचा. पडलेली बाजू म्हणू लागली की यानेच आमची मते खाल्ली. निवडून आलेली बाजूही खूश नव्हती. आमच्याविरुद्ध उभा राहिला हा राग त्यांच्या मनात होताच. त्या संक्रांतीला आईला नेहमीच्या तीन घरांतून हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. पाणंद होती तशीच राहिली. मते खाणारा हा शब्द मात्र अण्णांच्या नावाला चिकटला. अण्णा काही बोलले नाहीत, पण पुन्हा कधी उभे राहणार नाही असे त्यांनी मनाशी ठरवले, हे आम्हाला कळले.

यावर्षी राज्यशास्त्राच्या तासाला राष्ट्रपतींची निवडणूक शिकवताना सरांनी फळ्यावर १९६९ सालचे आकडे लिहिले. गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. तिसरे नाव मराठी आहे हे पाहून मी वहीतून मान वर केली. तास संपल्यावर ग्रंथालयात गेले आणि मिळेल ते वाचू लागले. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडते आहे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळ, महाडजवळच्या नाते या गावी झाला. तो जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. वडील वकील, आईचे नाव भागीरथीबाई. म्हणजे घरात अक्षर होते, पुस्तक होते. आमच्यासारख्यांनी त्यांच्या आयुष्याशी आपले आयुष्य जोडून पाहू नये, असे मला पहिल्यांदा वाटले. पण वाचत गेले तशी मला त्यांच्या हुशारीइतकीच त्यांची मेहनतही दिसू लागली. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या काळी आपल्याकडे मॅट्रिक होणे हीच मोठी गोष्ट होती.

पुढे ते इंग्लंडला केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. तेथे त्यांनी संस्कृत नव्हे तर निसर्गविज्ञान घेतले आणि १९१७ साली वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. ही परीक्षा तेव्हा लंडनलाच होत असे आणि तीत हिंदी मुलाने नुसते उत्तीर्ण होणेही दुर्मीळ होते. परत आल्यावर त्यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोकरी केली. गावोगावची जमीन, सारा, पीकपाणी यांचा हिशेब त्यांच्या हाताखालून गेला. १९३१ साली लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली तेव्हा तिच्या चिटणीस वर्गात ते होते.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले. या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. त्या काळच्या नोटांवर त्यांची सही आहे. महायुद्ध चालू होते, महागाई वाढत होती, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जगाच्या पैशाची नवी घडी बसवणारी परिषद झाली. तिथल्या भारतीय प्रतिनिधी मंडळात ते होते. त्याच वर्षी सरकारने त्यांना सर हा किताब दिला. मग फाळणी आली. देश दोन झाले तरी ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक आपली रिझर्व्ह बँकच होती. दोन भावांची वाटणी होताना तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती असते, त्याला दोन्हीकडून बोल लागतात, हे खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

या सगळ्या हिशेबाच्या कामात त्यांनी संस्कृत सोडले नाही, याचे मला फार नवल वाटते. कालिदासाच्या मेघदूताचे त्यांनी मराठीत पद्यरूपांतर केले. गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली आणि स्वतःही संस्कृतात कविता लिहिल्या.

१ जून १९५० रोजी ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळातली. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला, तेव्हाही अर्थखाते त्यांच्याकडेच होते. मधल्या काळात, १९५३ साली, त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना तेव्हा हयात नव्हत्या. दुर्गाबाई स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या, घटना समितीच्या सभासद आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापक. दोघेही आपापल्या कामात मोठे. एकाच्या नावाने दुसऱ्याची ओळख करून द्यावी लागत नसे.

आणि मग १९५६ साल आले. जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबई पेटली, गोळीबारात माणसे पडली. देशमुखांनी पंतप्रधानांकडे राजीनामा दिला आणि जुलैमध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. अर्थमंत्रिपद म्हणजे सरकारातल्या मोठ्या खुर्च्यांपैकी एक. ती त्यांनी सोडली, आणि त्यानंतर कुठल्या पक्षाच्या दारात नव्या खुर्चीसाठी उभे राहिले नाहीत. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. या वाटेवर देशमुखांचा राजीनामाही आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो.

यानंतर त्यांच्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आले. देशातली विद्यापीठे वाढत होती, त्यांना पैसा आणि शिस्त लावण्याचे ते काम होते. त्यांच्या त्या कारकिर्दीतच, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या याच विद्यापीठाच्या परीक्षेला मी बसते. हे वाचले तेव्हा चिंतामणराव मला एकदम जवळचे वाटू लागले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते.

आता १९६९. ३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. काँग्रेसमध्ये आधीच दोन तट पडले होते. पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. १९ जुलैला सरकारने १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले आणि वातावरण आणखी तापले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराचा आग्रह न धरता सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याची मोकळीक मागितली. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी तिसरा माणूस शोधला. ते होते ७३ वर्षांचे चिंतामणराव देशमुख. गंमत अशी की, रिझर्व्ह बँक, इंपीरियल बँक आणि आयुर्विमा सरकारकडे गेले तेव्हा जो माणूस त्या त्या खुर्चीवर होता, त्यालाच बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध करणाऱ्या पक्षांनी उभे केले. माणूस कोणत्या पक्षाचा यापेक्षा माणूस कसा, हे त्यांनीही पाहिले असावे.

या निवडणुकीची रीत समजून घ्यायला हवी. राष्ट्रपतींना आपण मत देत नाही; खासदार आणि आमदार देतात. प्रत्येक मताला किंमत असते. त्या वर्षी एका खासदाराच्या मताची किंमत ५७६ होती. मतदार शिक्का मारत नाही. तो नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. निम्म्याहून अधिक किमतीची मते मिळाल्याशिवाय कोणी निवडून येत नाही. तशी ती कोणालाच मिळाली नाहीत तर शेवटच्या उमेदवाराला बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या माणसाकडे जातात. फ्रान्समध्ये यासाठी दोनदा मतदान होते. त्याच वर्षी १ जूनला तेथे पहिली फेरी झाली, कोणालाच निम्मी मते मिळाली नाहीत, म्हणून पहिल्या दोघांत १५ जूनला पुन्हा मतदान होऊन पॉम्पिदू निवडून आले. आपल्याकडे दोन्ही फेऱ्या एकाच कागदावर होतात, एवढाच फरक.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी. उमेदवार होते १५, त्यांतल्या पाच जणांना एकही मत नव्हते. एकूण वैध मते ८,३६,३३७ किमतीची. जिंकायला हवीत ४,१८,१६९. गिरींना १६,६५४ कमी पडली. मग खालून एकेक उमेदवार बाद होत गेला आणि शेवटी देशमुखांचा गठ्ठा उघडला. त्यांना पाठिंबा देणाऱ्या पक्षांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यायचे ठरवले होते. तसेच झाले. बाद झालेल्या सर्वांच्या मतांतून रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना फक्त १८,५६२. पण तेवढ्यावरच गिरी पार झाले. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०. मी वहीत हिशेब केला. गिरींकडे वळलेल्यांपैकी १३ खासदारांच्या किमतीएवढी मते रेड्डींकडे गेली असती, तर राष्ट्रपती रेड्डी झाले असते. मग त्या नोव्हेंबरात काँग्रेस फुटली ती तशीच फुटली असती का? पंतप्रधानांचे काय झाले असते? इतिहासात जर-तरला अर्थ नाही असे म्हणतात. मला वाटते, अर्थ आहे. तेरा माणसांच्या हातात किती असते, हे त्यावरूनच कळते.

ही सगळी रीत मी अण्णांना संकष्टीच्या आदल्या रात्री समजावून सांगितली. वस्तीवर वीज गेली होती. कंदिलाच्या उजेडात मी नारळांचे तीन ढीग केले. चाळीस नारळ गिरी, एकतीस रेड्डी, अकरा देशमुख. मग देशमुखांच्या ढिगातले नऊ रेड्डींकडे सरकवले आणि दोन गिरींकडे. बेचाळीस आणि चाळीस. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारले की, देशमुखांना कोणी मते खाल्ली असे म्हटले का? मी म्हटले, या रीतीत तसे म्हणताच येत नाही. ज्याला त्यांना मत द्यायचे होते त्याने ते दिले, आणि ते पडल्यावर त्याचे मत पुढे चालत गेले. वाया गेले नाही आणि कोणाचे खाल्लेही गेले नाही. अण्णा म्हणाले की, आपल्या वॉर्डात अशी रीत असती तर बरे झाले असते. इतक्या दिवसांत त्या निवडणुकीबद्दल ते पहिल्यांदाच बोलले.

मला वाटले विषय संपला. पण अण्णा ढिगांकडेच बघत होते. त्यांनी गिरींच्या ढिगातला एक नारळ उचलला आणि विचारले की, या चाळीस जणांनी दोन नंबरला कोणाचे नाव लिहिले होते? आणि रेड्डींच्या एकतीस जणांनी? मी गप्प झाले. हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नव्हता, वर्गातही कोणी विचारला नव्हता. उत्तर असे की, ते कोणी मोजलेच नाही. मोजायची गरजच पडली नाही, कारण ते दोघे शेवटपर्यंत टिकले. कदाचित गिरींच्या पुष्कळ मतदारांनी दुसरे नाव देशमुखांचे लिहिले असेल. कदाचित रेड्डींच्याही. दोन भांडणाऱ्या तटांना परस्परांचा माणूस नको होता, पण हा तिसरा दोघांनाही चालण्यासारखा असेल. तसे असेल तर पहिल्यातच तिसरा आल्यामुळे तो बाहेर गेला, आणि त्या कागदांवरचा दोनचा आकडा कोणी वाचलाच नाही. त्या दिवशी देशमुखांना सव्वा लाखाच्या आत मते मिळाली हे आपल्याला माहीत आहे. किती जणांना ते चालले असते, हे कोणालाच माहीत नाही.

मी मनात ती दुसरी निवडणूक चालवून पाहते. त्या ऑगस्टमध्ये दोन्ही तट थकले आणि त्यांनी मधल्या माणसावर हात ठेवला. रायगडाच्या पायथ्याच्या गावात जन्मलेला, मेघदूत मराठीत आणणारा, मुंबईसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस राष्ट्रपती भवनात गेला. तसे झाले असते तर राष्ट्रपतिपदावर महाराष्ट्राचे माणूस ३८ वर्षे आधीच बसले असते. प्रत्यक्षात तो मान २००७ साली प्रतिभाताई पाटील यांना मिळाला. पण हे माझ्या मनातले. खरे घडले ते असे की, गिरी २४ ऑगस्ट १९६९ रोजी राष्ट्रपती झाले आणि रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. तिघांतले दोघे त्या भवनात राहून आले, तिसरे गेलेच नाहीत. १९६९ नंतर राष्ट्रपतिपदाच्या कोणत्याही निवडणुकीत दुसरी पसंती मोजण्याची वेळ आलेली नाही. उभे राहणेही पुढे अवघड झाले. आता ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात आणि १५,००० रुपये अनामत.

देशमुखांनी या पराभवाचे दुःख कुरवाळत बसल्याचे मला कुठे वाचायला मिळाले नाही. १९७४ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, १९७५ साली पद्मविभूषण मिळाले. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, हैदराबादला चिंतामणरावांनी देह ठेवला. त्यांच्या चरित्रात पहिला नंबर कितीतरी वेळा येतो: मॅट्रिकला पहिले, आय. सी. एस.ला पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. तिसरा नंबर ठळकपणे एकदाच येतो. तरी मी त्या तिसऱ्या नंबरासाठीच हा लेख लिहिला. आपण निवडून येणे अवघड आहे हे दिसत असतानाही त्यांनी आपले नाव त्या कागदावर येऊ दिले. ज्यांना दोन्ही तट नको होते, त्यांना आकडा लिहायला एक जागा मिळाली. एवढे काम तिसरा उमेदवार करतो आणि ते लहान नाही.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. पहाटे आम्ही नारळांचे पोते बांधून पाणंदीने निघालो. रात्रीच्या पावसाने चिखल झाला होता. माझी चप्पल रुतली, ती काढून मी हातात घेतली. अण्णा पुढे चालले होते. वळणावर थांबून त्यांनी मागे न बघता विचारले की, ग्रामपंचायतीचा फॉर्म पुन्हा कधी निघतो आणि आता त्याला काय काय कागद लागतात. मी म्हटले, चौकशी करून सांगते.